बाबांनी गिरवलेलं 怕

प्रिय बाबा,

उद्या सकाळी सात वाजता माझं बायपास आहे. तुमचं होतं तेच! दुपारपासून हात गार पडलेत. तुमच्या जावयाने, संदीपने, तिसऱ्यांदा हॉस्पिटलची बॅग भरली, त्याला काय सांगू? म्हणून तुम्हाला लिहितेय.

तुमच्या ऑपरेशनच्या आधी तुम्ही रोज समोरच्या मिसेस चेनकडे जायचात. इथे कॅनडात, मिसिसागाच्या त्या काँडोत तुम्हाला तेवढीच सोबत. मी विचारलं, "काय करता हो तिथे?"

"चिनी अक्षर गिरवतो. एकच."

किती हसले होते मी! कोणतं अक्षर, एवढं विचारायला काय झालं होतं मला?

तुम्ही ऑपरेशनमधून परत आलाच नाहीत. तेराव्याला मिसेस चेन सूपचा डबा आणि एक कागद घेऊन आल्या. कागदभर तुमचं थरथरतं एकच अक्षर, 怕, उच्चार 'पा'.

त्यांनी डावीकडच्या भागावर बोट ठेवलं. "हार्ट." मग उजवीकडे. "व्हाइट." पांढरा भाग फक्त उच्चारासाठी असतो म्हणे, पण तुम्हाला ते पटलं नव्हतं. 'आमच्याकडे भीतीने माणूस पांढराफटक पडतो,' असं सांगितलंत ना त्यांना?

"ही आस्क्ड मी, हाऊ टू राइट अफ्रेड," त्या म्हणाल्या.

मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, बाबा.

मग त्यांनी समजावलं. थंडी सोसत नसेल, तरी हेच अक्षर. पोर उपाशी राहील म्हणून जीव खालीवर होतो, तिथेही हेच. आणि नुसतं 'बहुधा' म्हणायचं असलं, तरी कधीकधी हेच! "तुमचे वडील म्हणाले, माझ्यात हे सगळे अर्थ आहेत."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला काय म्हटलं होतं? "घाबरायचं काय त्यात? रुटीन असतं हो आता." तुम्ही म्हणालात, "छे गं, कोण घाबरतंय!" मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पार्किंग कुठे मिळेल ते शोधू लागले. तुम्हाला बोलायचं होतं आणि मी दार लावलं. पण रागही येतो हो! पोटच्या पोरीला सोडून शेजारणीला सांगितलंत?

आज जेवताना ईशाने विचारलं, "मॉम, आर यू स्केअर्ड?" सोळाची झालीय आता. माझ्या तोंडून निघालं, "छे गं! रुटीन असतं."

ती "ओके" म्हणाली आणि ताट अर्धवट टाकून खोलीत गेली.

बाबा, मला फार भीती वाटतेय. तोंडावर मास्क येईल त्या क्षणाची. तुमच्यासारखंच होण्याची. आणि ती खोलीत एकटीच माझ्याइतकीच घाबरून बसली असेल, याची सगळ्यात जास्त.

हे पत्र मिटलं की मी तिच्याकडे जाणार आहे. "खोटं बोलले गं, मी घाबरलेय, जरा जवळ बस," असं सांगणार आहे. ती रडली तर गप्प करणार नाही. वचन देते तुम्हाला.

तुमची घाबरट लेक,
मंजू