फलकावरचे 'कुटुंबीय'

लिंकन, नेब्रास्का
९ ऑक्टोबर

प्रिय मार्नी,

खुशाल असशील. इकडे थंडी पडायला लागलीय, माझे गुडघे माझं ऐकत नाहीत, आणि शनिवारी मंडळाच्या पोरींसाठी राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल केले. रोल दगड झाले. तुझी आई असती तर म्हणाली असती, "अर्डिस, यानं खिडकी फुटेल गं!" तिला जाऊन वर्ष होत आलं, तरी रोल ओव्हनमध्ये घातले की मी तिला हाक मारते. वेडीच आहे मी.

बरं, मुद्द्याचं. कॉलेजातल्या आमच्या भगिनीमंडळानं तिच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवलीय. जन्मभर राबली मंडळाच्या त्या घरासाठी, तेवढं तर हवंच. फलकही तयार आहे: 'व्हर्ना केटरलिंग आणि कुटुंबीय'. मंडळाची अध्यक्षा ब्रिन, चुरचुरीत पोर, मला विचारते, "आजी, कुटुंबीय म्हणजे नक्की कोण येणार?" मी म्हटलं, "येतील की!" आणि भांडी घासायला घेतली. तुला न विचारताच.

तू म्हणशील, माझा काय संबंध? खरंय. मंडळातल्या बाईची लेक म्हणजे तिला मंडळात घेणारच, असं व्हर्ना धरून चालली होती. "तुझं ठरलेलंच आहे," असं तुला सांगूनही बसली. निवडीच्या दिवशी निवडलेल्या मुली हिरवळीवरून धावत आल्या, व्हर्ना मंडळाच्या घराच्या पायरीवर हात पसरून उभी. त्यांत तू नव्हतीस; तुला घेतलंच नव्हतं. पुढ्यात आलेल्या परक्याच मुलीला तिनं मिठी मारली, आणि ते तू समोरच्या फुटपाथवरून पाहिलंस. तू आईकडे यायचं सोडलंस. तिनं मात्र मंडळात जायचं सोडलं नाही. मला वाटायचं, काय बाई आहे ही!

दवाखान्यात माझा हात घट्ट धरून म्हणाली, "शिष्यवृत्ती आपल्या पोरींना नको. आपण जिला घेतलं नाही, तिला द्यायची. दर वर्षी." ब्रिन म्हणाली, "मग मंडळाच्या हाती काय, धुपाटणं?" पण मी भांडले, मार्नी. कधी नव्हे ते कडाकडा भांडले. मी नवी होते तेव्हा मंडळानं व्हर्नालाच माझी मंडळातली थोरली बहीण म्हणून नेमलं होतं. तिचं एवढं तरी करायला नको?

यंदाची मुलगी टेस. काल भेटली. म्हणाली, "मला तर तुम्ही नाकारलंत. मग आता हे कशाला?" मी काय सांगणार तिला? मला पहिल्याच दिवशी घेतलं होतं.

समारंभ एकवीस तारखेला, दुपारी दोन वाजता. आलीस तर माझ्याशेजारी उभी राहा, एक शब्द बोलली नाहीस तरी चालेल. तुला बघितलं की मला तिचं थोडं तरी दिसेल गं. फार आठवण येते.

यायचं नसेल तर मात्र कळवू नकोस. दोन वाजेपर्यंत मला वाट बघू दे.

तुझ्या आईची धाकटी, आणि तू म्हणशील तर तुझीही कुणी,
अर्डिस