बिनघुंगरांच्या गाड्या

माय, तुला मी आठवते का, हे आधी सांग. जिवंत होतीस तेव्हाही मला हाक मारायची तर आधी तिन्ही बहिणींची नावं घ्यायचीस, मग गाईचं, आणि शेवटी माझं. तेव्हा ओळख देते: मी तुझी धाकटी लेक. दात गेले, पणती आली. मला अक्षर येत नाही, म्हणून थोरला नातू लिहून घेतो आहे. काय लिहितो, त्याचं त्याला ठाऊक.

इकडे कापसाला असा भाव आला आहे की लोक गादी उसवून विकतील. अमरावतीच्या पेठेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग माझ्या दारावरून तुटत नाही. काळ्या मातीची धूळ अशी की गाव दिवसभर खोकतं, समोरचं निंबाचं झाड दिसत नाही. आणि गाड्या मुक्या! बैलांच्या गळ्यात घुंगरमाळच नाही. अकोल्याकडच्या एका गाडीवानाला विचारलं, "काहून रे, घुंगरं कुठी गेले?" म्हणे, "आजी, चोर आवाजावर येतात. माल सोन्याचा हाय." एवढी धूळ आभाळाला लागते, ती चोरांना दिसत नाही वाटतं? मला तर संशय येतो, पुढच्या गाडीला गुपचूप मागे टाकून पेठेत आधी पोचायचं असतं मेल्यांना.

पेंढाऱ्यांच्या भीतीच्या दिवसांतही गाड्यांची घुंगरं अशीच उतरली होती. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस. धाकटा भाऊ रांगत रांगत उंबऱ्याबाहेर गेला आहे. एरवी घुंगरं वाजली की तू पिठाच्या हातानं धावायचीस. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. गाडीवान ओरडला, तेव्हा तुला कळलं; तोवर चाक त्याच्यावरून गेलं होतं. त्यानंतर बा पहिल्यांदा गाडी जुंपत होते, तर तू बैलांपुढं जाऊन उभी राहिलीस. "आधी घुंगरं बांधा." बा म्हणाले, "मले लुटतीन ना वं." तू म्हणालीस, "लुटू द्या. माल पुन्हा पिकते." बांनी कासरा सोडला. मग खाली वाकून त्यांनी माळा बांधल्या.

आज सकाळी मी गोठ्यात गेले. आमच्या बैलांचेही गळे मोकळे. माळा कडब्याखाली सापडल्या. या लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, "पट्टा तुटला आजी, चांभाराले द्याचा हाय." दोन्ही पट्टे मी ओढून पाहिले, मी तुटेन, ते तुटायचे नाहीत. आणि त्याचीच पोर कालपासून उंबरा ओलांडायला लागली आहे.

थांबू नको रे, हेही लिही. माय, खरं सांगते, तुझ्या गावाला कोणी हरकारा जात नाही, हे मला माहीत आहे. मी तुझ्याशी कमी आणि याच्याशीच जास्त बोलत होते. समोर बसवून सांगितलं असतं तर उठून गेला असता. लिहायला बसवलं म्हणून ऐकलं. आता रे, कागद घडी करून आढ्याला खोच. आणि तुझ्या बायकोला सांग, उद्या तुझी गाडी निघताना घुंगरं वाजली, तर तुझ्या शिदोरीत भरलं वांगं, जवसाची चटणी आणि लोण्याचा गोळा धाड. नाही वाजली, तर कोरडी भाकर. कांदासुद्धा नको.