काठी डोंगरावर राहिली

सुखीबाईला मुकुटबनहून भीमसिंगचा जय सेवालाल.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बोललेला नवस काल फेडला. लेकीला न सांगता एकटाच डोंगराची सगळी धार चाललो. दोन जागी हातापायांवर चढावं लागलं. गुडघा थोडाच सोलला, घाबरू नको. माथ्यावर पोचल्यावर कळलं, सेवालाल महाराजांचा नवसाचा पांढरा झेंडा आणला, पण बांबू घरीच राहिला. मग माझी काठी दगडांत रोवून तिलाच झेंडा बांधला. उतरताना बसून घसरत आलो.

संगीता म्हणाली, "बापू, काठी कुठी हरवली?"

"हरवली नाही, कामाले लावली."

थेंब वेळेवर टाकतेस ना? चुलीच्या धुरात बसू नको.

पट्टी निघाली की इकडे ये. झेंडा संगीताच्या अंगणातून दिसतो. तुला दिसला की सांग, तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझाच,
भीमसिंग