नातीच्या अंघोळीची तालीम

रहाटणी,
रविवार, दुपार

सौ. विहीणबाई प्रभावतीताईंना जयमालाचा मनापासून नमस्कार.

तुम्ही, भाऊसाहेब आणि गोठ्यातली सगळी मंडळी खुशाल असाल. (म्हशींची चौकशी मुद्दाम करते आहे, कारण नात झाली त्याच दिवशी तुम्ही "घरी म्हैस व्यायला आलीय" म्हणत दवाखान्यातून थेट सिन्नरची एसटी धरलीत. तिला रेडी झाली की रेडा ते कळवा, आमचे हे रोज विचारतात.) इकडे दिव्याची तब्येत छान आहे, टाके भरून आलेत, जेवण व्यवस्थित जातंय. बाळ गोड आहे. रडायला लागलं की ऐकत नाही, ते जावईबापूंवर गेलंय असं आमच्या ह्यांचं मत आहे. माझं तसं काही मत नाही.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "बरंय ना?" विचारता, मी "बरंय" म्हणते, तेवढ्यात कुठेतरी कुकर शिट्टी देतो आणि सांगायचं ते राहून जातं. शिवाय माझ्या दुखण्याचं तुम्ही डोहाळजेवणाच्या दिवशी पाहिलंत तेवढंच तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं मी कुणाला धड सांगितलेलं नाही.

दिव्याची बातमी कळली त्याच आठवड्यात मी ठरवलं, की आता अंगात ताकद पाहिजे. बाळंतिणीचं करायचं, बाळाला कडेवर घ्यायचं, जिने चढायचे, आणि मला तर गव्हाचा डबा सरकवताना धाप लागायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिम आहे, तिथे नाव घातलं. शिकवणारा गणराज म्हणून मुलगा आहे. स्वभावाने लाख चांगला, फक्त "शेवटचा" या शब्दाचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नाही. "काकू, शेवटचा!" म्हणायचा, मी जीव खाऊन वजन वर न्यायची, की लगेच "काकू, आता खरंच शेवटचा!" (दोष त्याचा एकट्याचा नाही. आजूबाजूच्या पोरी "काकू भारी!" म्हणायला लागल्या की मलाही चेव यायचा. एकीने माझा व्हिडिओ काढला, तो आमच्या जावेच्या माहेरापर्यंत पोहोचला.) असं होता होता एके दिवशी लोखंडी दांडी डोक्यावर नेली आणि उजव्या खांद्यात काहीतरी लचकलं. शहाण्या बाईने घरी जायचं. मी काय केलं, तर खांदा वाचवायचा म्हणून बाकीचा सगळा जोर पाठीवर घेतला. मग पाठही गेली.

दारातून आत आले ती कंबरेत वाकलेली आणि एक हात पोटाशी धरलेला. आमचे यशवंतराव जन्मभर चाकणच्या कंपनीत क्रेन चालवून घरी बसलेत. त्यांनी मला खालवर बघितलं आणि म्हणाले, "आता तुला पलंगावर ठेवाया क्रेन मागवू व्हय?" मला हसूही येईना, हसलं तरी पाठीत कळ यायची. पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. वरच्या फळीवरचं तिखट वरच राहिलं. केस विंचरायला हात जाईना, तेव्हा यांनीच माझा अंबाडा घालायला सुरुवात केली. माल बांधायची सवय असलेला माणूस, असा काही आवळून बांधायचा की माझ्या भुवया कपाळावर चढायच्या. शेजारीण विचारायची, "कसलं एवढं नवल वाटलंय?"

मग डोहाळजेवण आलं. औक्षणाचं ताट माझ्या हातात होतं, पण हात छातीच्या वर जाईना. शेवटी दिव्याच हळूच म्हणाली, "आई, तू ताट धर, मी मान फिरवते." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे खरं. पण तुमची ही गत, दिव्याला आमच्याकडेच राहू द्या." मी "बघू" म्हणाले आणि आत जाऊन मसालेभाताच्या पातेल्यापुढे उभी राहून रडले. ताई, खरं सांगते, तेव्हा मला ते फार लागलं. एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळ, आणि मी मात्र ताटसुद्धा फिरवू शकत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून हाड ठीक असल्याचं सांगितलं होतं, गोळ्याही झाल्या होत्या. मग तुमच्याकडे परतण्याआधी दिव्या मला रावेतला धम्मरत्न नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेली. शांत माणूस. त्याने कुठे दुखतं, कसं दुखतं हे सगळं विचारून झाल्यावर विचारलं, "काकू, बरं वाटल्यावर सगळ्यात आधी काय करायचंय?"

मी म्हटलं, "नातवंडाला पायावर घेऊन अंघोळ घालायचीय."

मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "मग बसून दाखवा."

मी जमिनीवर पाय लांब करून बसले. बसले म्हणजे काय, गुडघे वर आले आणि मी मागे कलंडले. त्याने पाठीमागे उशी तयारच ठेवली होती. म्हणाला, "वजनं उचलायची घाई झाली, काकू. खांदा, पाठ, खुबे आधी मोकळे हलू देत. ताकद त्यानंतर."

मला आधी वाटलं, हा काय व्यायाम! भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची. टॉवेलची गुंडाळी पाठीखाली घेऊन नुसतं पडायचं आणि श्वास सोडायचा. हातापायांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ फुगवायची आणि सोडायची. (हे करताना यशवंतरावांनी एकदा "म्याव" केलं. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.) घाम नाही, टाळ्या नाहीत, व्हिडिओ काढण्यासारखं तर काहीच नाही. पण भिंतीवरची बोटं हळूहळू कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोहोचली, आणि एका सकाळी अंबाडा माझा मी घातला. यशवंतराव आरशात बघत मागे उभे होते. "आता माझी नोकरी गेली म्हणायची," म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

मध्ये एकदा घसरलेही. बरं वाटतंय म्हणून पाण्याने भरलेली बादली उचलली आणि पुन्हा आडवी झाले. धम्मरत्नला फोन करताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो रागावला नाही. "दोन पावलं मागे आलो, एवढंच. उद्या परत टॉवेलपासून," म्हणाला. त्या एका वाक्याने मला किती धीर आला, सांगता येत नाही.

नेमक्या त्याच वेळी तुमचा फोन आला. आता बोलणी ऐकायची म्हणून मी धास्तावले होते. आणि तुम्ही म्हणालात, "दिव्या तुमच्याकडेच येईल. तिला आई लागते अशा वेळी. मी त्या दिवशी बोलले ते तुमच्या पाठीच्या काळजीनं." ताई, फोन ठेवल्यावर मी भिंतीशी जाऊन बोटं चढवायला लागले. त्या दिवशी खिळ्याच्या वर गेली.

मग घरात तालीम सुरू झाली. उशीच्या अभ्र्यात तांदूळ भरले, मोरीत पाट मांडला, मी पाय लांब करून बसायची आणि हे वरून पाणी सोडायचे. "डोळं झाकलं का त्याचं?" असं विचारून मगच तांब्या ओतायचे. तांदूळ पार भिजले. नंतर आठवडाभर आम्ही धिरडी खाल्ली.

आणि परवा, नाळ पडल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, तुमच्या नातीला मी पायावर घेतलं. पाठ ताठ होती, खांदा मोकळा होता. तेलाचा हात तिच्या छातीवरून फिरला तेव्हा ती रडायची थांबली आणि माझ्याकडे टक लावून बघायला लागली. दिव्या दाराला टेकून उभी होती. त्या क्षणी मला धम्मरत्न आठवला, ओढून अंबाडा घालणारे आमचे हे आठवले, आणि सगळ्यात जास्त तुम्ही आठवलात. तुमच्या हक्काची गोष्ट तुम्ही मला दिलीत. हेच सांगायला हे पत्र. फोनवर मला ते जमलं नसतं.

भाऊसाहेबांना नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचीच,
जयमाला

ता. क. दिव्या सांगेलच, म्हणून मीच सांगते. अंघोळ झाली, बाळाला पुसून आत नेलं, आणि मला मोरीतून उठता येईना. यशवंतराव आणि दिव्या, दोघांनी मिळून ओढलं. धम्मरत्नला कळवलं तर म्हणाला, "काकू, तुम्ही बसायचं मागितलं होतं. उठायचं आता घेऊ."

आणखी एक ता. क. दवाखान्याच्या पायऱ्या तुम्ही कठडा धरून आडव्या-आडव्या उतरत होतात. मी विचारलं तर "साडीत पाय अडकतोय," म्हणालात. ताई, साडी चांगली घोट्याच्या वर होती. गुडघे दुखतात ना? मी तुम्हाला न विचारता धम्मरत्नकडे तुमचं नाव सांगून ठेवलंय. बारशाला या आणि लगेच परत जायची घाई करू नका, महिनाभर इथेच राहा. एक दिवस तिला तुम्ही पायावर घ्या. पाणी मी घालते.