मागच्या पानावरचे प्रश्न

३ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., त्यातली विनंती आज मोठी आहे.

मला मुली आवडतात, हे तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. कॉलेजची चार वर्षं तरी लपूनछपून काढायची नाहीत. दोन कॉलेजं निवडलीत. दोन्हींच्या माहितीपुस्तकात ‘सर्वांचं स्वागत’ छापलंय. तू छापखान्यातली, खरं सांग, विश्वास ठेवू का? वीस तारखेपर्यंत फॉर्म भरायचाय.

लोभ आहेच, फक्त बाबांना कळू देऊ नकोस.
तुझी भाची

७ मे

चि. भाचीबाईंस,
अनेक आशीर्वाद आणि एक चापट.

छापलेल्यावर विसंबतेस? ते हसऱ्या मुलांचं पान आम्ही तीन कॉलेजांना छापून दिलंय, नाव तेवढं बदलून. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे! वसतिगृहात फोन कर. तुझ्यासारख्या मुलीला कुणी छळलं तर तक्रार कोण ऐकतं, ते विचार. फार गोड बोलले तर जास्तच संशय घे.

तुझी आत्या

१२ मे

ती. आत्यास,
नमस्कार, तोही रागाने.

फोन केले. दोन्हीकडच्या रेक्टरबाई म्हणाल्या, हेच प्रश्न विचारत एक गृहस्थ कालच येऊन गेले. खिशात टॉर्च, नाव सांगेनात. खिशात टॉर्च घेऊन लिफ्ट तपासत फिरणारा माणूस आपल्या घरात एकच. तू बाबांना सांगितलंस ना? दोन दिवस ते माझ्याशी धड बोलत नाहीत. आता माझं कॉलेजच बंद करणार. शेवटी तू त्यांचीच बहीण!

तुझी (सध्या नाही)

१६ मे

चि. बाळास,
एकाच घरात राहून पत्र लिहितोय, हसू नकोस. तोंडाने जमलं नसतं.

तुझं पत्र वाचून आत्याचा फोन आला. तिच्यावर आळ घेऊ नकोस, तिने आधी ब्रही काढला नव्हता. माहितीपुस्तकाच्या मागच्या पानावर तू पेन्सिलने प्रश्न लिहिलेस आणि पुस्तक टेबलावरच विसरलीस. ते वाचून सगळं कळलं. आधी खूप राग आला, खोटं कशाला सांगू. मग गेलो. लिफ्टवर ‘सुरक्षित’ अशी पाटी असली तरी मी स्वतः आत उभा राहिल्याशिवाय सही करत नाही.

पहिल्या कॉलेजात मुलं म्हणाली, काही त्रास नाही. पण बोलण्याआधी सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दुसऱ्यात एका मुलीने रेक्टरबाईंच्या समोरच त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी सांगितल्या आणि बाई मुकाट्याने लिहून घेत होत्या. तू दुसरं घे.

परतताना आठवलं, माझ्याशी बोलताना तूही आधी दाराकडे बघतेस. फार वाईट वाटलं.

फॉर्मवर सही करून ठेवली आहे. माझा लोभ तुला कधी दिसला नाही, ही चूक माझी.
बाबा