सहा वाजताचा फोन

प्रिय टिल्ल्या,

आता तुझेही केस पिकलेत, तरी मला दुसरं नाव लिहवत नाही. बाबा गेल्यावर तू परदेशातून धावत आलास आणि भरल्या घरात मी तुला खोटारडा म्हणाले, त्याला आठ महिने झाले. दुसऱ्याच दिवशी तू निघून गेलास. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

मी दमलेय रे. हॉस्पिटलातली फोनची नोकरी तीच, गुडघे मात्र माझे राहिले नाहीत. नवा साहेब प्रत्येक कामाला ‘सोप्पंय’ म्हणतो. मग तूच कर की बाबा, असं ओठांवर येतं आणि मी गिळते. गेल्या वर्षी आम्ही जुन्या लाइनी काढून इंटरनेटवरचे फोन आणले. खाटांजवळचे फोन मात्र जुनेच ठेवले, आणि त्यांचं एक्स्चेंज चारच आकडे ओळखतं. बाहेरून तर पूर्ण दहा आकडी नंबर येतो. म्हणून मध्ये एक डबा बसवला आणि त्याला मी नियम लिहून दिले. दहा आकडे आले की सुरुवातीचे सहा टाकायचे, उरलेल्या चारांची घंटा वाजवायची. ज्याचा मेळ बसणार नाही तो कॉल ऑपरेटरबाईंच्या खोलीत पाठवायचा. मग दोन दिवस माझ्याच मोबाइलवरून खाट न् खाट तपासली. सगळे फोन वाजले. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढे बाबांना तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट मिळाली. आईच्या आजारपणात तू आला नाहीस तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलं होतं, ते आपण दोघांनीही सोसलं. पण तिथे पडल्यापडल्या एकदा त्यांनीच विचारलं, त्याचा फोन येतो का गं तुला? म्हातारा विरघळलाय हे मला कळलं. मी तुला लगेच कळवलं, पण काय तोऱ्यात! मी मध्ये पडणार नाही, खाटेजवळचा नंबर देते, संध्याकाळी सहाला तूच कर, तेव्हा त्यांच्या कानात यंत्र घालून बसवते. मोबाइल त्यांना नकोच असायचा. रिसीव्हर हातात धरल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. तू हो म्हणालास.

रोज पावणेसहाला यंत्र, मग कंगवा. फोनवर कोणाला केस दिसणार आहेत, असं म्हटलं की चिडायचे. रिसीव्हर उचलून आवाज येतोय ना बघायचे आणि हळूच ठेवायचे. तिसऱ्या दिवशी विचारलं, हा चालू आहे ना? मी म्हटलं, बाबा, तुमच्या लेकीने स्वतः लावलाय. सहाव्या दिवशी ते म्हणाले, कामात असेल गं तो. तुझी बाजू घेत होते! आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

त्याच रात्री तुझा निरोप आला की रोज करतोय, घंटा वाजते, ते उचलत नाहीत. मी रोज त्या फोनशेजारीच बसत होते. तरी दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवरून लावून पाहिला. खणखणीत वाजला. बाबांनी झडप घालून उचलला, माझाच आवाज ऐकला आणि ठेवून दिला. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं, आणि तुला उत्तरही दिलं नाही. नवव्या संध्याकाळनंतर कंगवा लागला नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. गेल्या मंगळवारी एका पेशंटच्या मुलीने परदेशातून तक्रार केली की घंटा वाजते, कोणी उचलत नाही. मी तिला पुन्हा फोन लावायला सांगितलं आणि खाटेजवळ उभी राहिले. फोन गप्प. जिना उतरत तळमजल्यावर आले, तर कुलूप लावलेल्या खोलीत घंटा वाजत होती. ऑपरेटरबाई केव्हाच निवृत्त झाल्या, त्यांचा फोन तिथेच टेबलावर राहिला. परदेशातून केलेल्या कॉलमध्ये आपला नंबर देशाचा क्रमांक जोडून येतो, दहाचे बारा आकडे होतात, आणि मी बाराचा नियम लिहिलाच नव्हता. शेजारून वाजतो म्हणजे जगातून वाजतो, असं धरून चालले होते. मग आठ महिन्यांपूर्वीची नोंद उघडली. तुझा नंबर, नऊच्या नऊ दिवस, ठीक सहाला. शेवटच्या दिवशी तीनदा. टिल्ल्या, मी लगेच बाराचा नियम लिहायला घेतला. एका ओळीत तो नियम दुरुस्त झाला, साहेब म्हणतो तसं खरंच सोपं होतं. मावशीला, काकांना, त्या दिवशी घरात होते त्या सगळ्यांना फोन करून सांगितलंय की तो खरं बोलत होता, चूक माझी होती. माफी कोणत्या तोंडाने मागू? माफ नाही केलंस तरी चालेल. पण बाबांनी तुझा फोन टाळला असं मनात धरून जगू नकोस. रोज सहाला ते केस विंचरून तुझ्या फोनची वाट बघत होते.

तुझीच,
ताई