दीपालीची तेलाची शिशी

एटापल्ली

तीर्थरूप बाबांस,
दिव्यानीचा नमस्कार. माहा ताप उतरला, काळजी करू नका. आईचे गुडघे कसे आहेत?

काल माह्या वसतिगृहात दीपाली नावाच्या पोरीची मोहाच्या तेलाची शिशी हरवली आणि तिच्यासंग राहणाऱ्या इतवारीच्या पेटीत सापडली. इतवारीले घरी धाडाचं मी ठरवलं. तिच्या घरच्यांसाठी चिठ्ठीबी लिहिली. तवा पोरी म्हणाल्या, "बाई, आमच्या गावात पह्यले सारे गोल बसून विचारतेत. आमाले विचारू द्या."

साऱ्या गोल बसल्या. दीपालीनंच विचारलं, "काऊन घेतली तू?"

इतवारी बोलली, "माह्या मायच्या केसाले असाच वास ये. ती मेली तवापासून मले झोप येत नाई."

दीपाली उठली, इतवारीच्या मागं जाऊन बसली आणि तिच्या केसाले तेल लावू लागली.

बाबा, तुमी तीस वर्षं मास्तर होते. असं कधी पाह्यलं का? मी मूल्यशिक्षणाचा तास घेते, पण या पोरीची माय गेली हे मले माहीतच नव्हतं.

चिठ्ठी फाडली. मग मीबी त्या गोलाजवळ गेली. पोरींनी सरकून मले जागा दिली.

तुमची लेक,
दिव्यानी